खाणवाला आपलाच आहे, म्हणून?

"पोहण्याचा मोह जिवावर बेतला."

हे हेडिंग तुम्ही दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या पेपरात वाचता. मी ते लिहिलेलं आहे. एकदा नाही, इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत पाच-सहा वेळा तरी. बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेलं पाणी, दुपारची वेळ, शाळेला सुट्टी, तीन-चार पोरं, त्यातलं एक वर येत नाही. मग पोलीस पाटील, अग्निशमनची गाडी, गळ टाकून शोध, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन आणि शेवटची ठरलेली ओळ, "अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे." संपली बातमी.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक बातमी पाठवली. गावाचं नाव इथे लिहीत नाही, त्या घराचं दुःख अजून ओलं आहे. रात्री छापायला जाण्याआधी पान बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की या बातमीत पोराचं नाव आहे, वय आहे, बाप काय करतो ते आहे, कुठल्या शाळेत होता ते आहे. खाण कुणाची, ते नाही. गट नंबर नाही. खाणपट्टा कधी संपला, कुंपण का नव्हतं, काहीच नाही. मोह म्हणे पोराचा. दगड संपल्यावर पन्नास-साठ फुटांचा खड्डा उघडा टाकून जाणाऱ्याला कसला मोह होता, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर हा विषय काढला. एक जुने ओळखीचे म्हणाले, "जाऊ द्या ना पत्रकार. आपलाच माणूस आहे तो. कशाला कुणाच्या पोटावर पाय देता?"

या "आपलाच माणूस"बद्दल ही पोस्ट आहे. लांब आहे. चहा घेऊन बसा.

मंडळी, आधी एक जुनी गोष्ट आठवा. २००८ साल. आपल्याच तालुक्यात शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल नावाची अमेरिकन कंपनी संशोधन केंद्र काढणार होती. शेजारी भामचंद्राचा डोंगर, जिथे तुकोबांनी साधना केली. गावकरी उठले, वारकरी उठले, टाळ-मृदंग घेऊन माणसं रस्त्यावर बसली. रस्ते खणले गेले, केसेस झाल्या, शेवटी कंपनीला इथून जावं लागलं. त्या वेळी आपल्या साध्या साध्या शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न आठवा. आमच्या पाण्यात काय सोडणार? आमच्या हवेचं काय? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? १९८४ ला भोपाळमध्ये माणसं मेली ती युनियन कार्बाईड २००१ मध्ये याच डाऊने विकत घेतली, हे आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं.

म्हणजे कंपनीला जाब कसा विचारायचा हे खेड तालुक्याला शिकवायची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे, की डाऊला विचारलेले तेच तीन प्रश्न आपण आपल्या खाणवाल्याला, क्रशरवाल्याला का विचारत नाही?

मोई, चिंबळी, पलीकडे इंद्रायणी ओलांडली की मोशी. या पट्ट्यातून कधी दुपारी मोटरसायकलवर जाऊन बघा. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. चाकणची एमआयडीसी उभी राहिली, पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला. त्या प्रत्येक पायात, प्रत्येक स्लॅबमध्ये खडी लागली, आता क्रश सँडपण लागते. ती आकाशातून पडली नाही. सह्याद्रीचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. आपण तो एका पिढीत फोडून डंपरमध्ये भरला. उसाचा खोडवा फुटतो, कांद्याचं रोप पुन्हा लावता येतं. डोंगर पुन्हा उगवत नाही.

आता कुणी म्हणेल, खाणकाम म्हटलं की गडचिरोली, चंद्रपूर, गोवा. लोखंड, कोळसा. आपल्याकडे काय, नुसता दगड! नेमकी इथेच फसगत होते. सरकारी भाषेत आपल्या दगडाला "गौण खनिज" म्हणतात. गौण या शब्दाने सगळा घोळ केलाय. खनिज गौण, म्हणून खड्डा गौण, खड्ड्यात काम करणारा गौण, शेजारी राहणारा तर त्याहून गौण. ही समजूत कायद्याची नाही. १९५२ च्या खाण कायद्यात सुरुंग लावून दगड काढणारी खाण ही खाणच होती आणि नव्या श्रमसंहितेतही ती खाणच आहे. २७ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. कोर्टाचं कारण साधं होतं. छोट्या छोट्या पट्ट्यांच्या नावाखाली सगळी नदी आणि सगळा डोंगर संपतो आणि कुणालाच मोजावं लागत नाही.

तर जबाबदारी म्हणजे काय? इथे आपल्या गावांत एक मोठा गैरसमज आहे. जबाबदारी म्हणजे देणगी, असं आपल्याला वाटतं. सप्ताहाची पंगत, यात्रेतल्या कुस्त्यांचा इनाम, बैलगाडा शर्यतीचं बक्षीस, गणपतीची वर्गणी, शाळेला दोन पंखे आणि पंख्याच्या पात्यावर सौजन्य. एवढं केलं की माणूस "सामाजिक कार्यकर्ते" होतो आणि चौकात फ्लेक्स लागतो.

मोठ्या कंपन्यांनी याला सीएसआर असं भारी नाव दिलंय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीतरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. चाकणच्या कारखान्यांना हे लागू होतं. पण आपल्याकडची बहुतेक खाण-क्रशर एकट्याच्या नाहीतर भागीदारीच्या नावावर असतात. त्यांना हे कलम लागूच नाही. म्हणून ते म्हणतात, आम्ही देतो ते मनाने देतो. आणि आपण हात जोडतो.

पण देणगीच्या आधी येते ती अट. खाणवाल्याने मंजुरी घेताना ज्या कागदांवर सही केलेली असते, त्या कागदांतल्या आणि नियमांतल्या अटी. त्या पाळणं म्हणजे जबाबदारी. त्यातल्या काही इथे देतो, शांतपणे वाचा.

क्रशरला धूळ अडवणारं आणि पाणी फवारणारं यंत्र हवं. वारा अडवणारी भिंत हवी. आवारातले रस्ते पक्के हवेत आणि ते नियमित झाडून ओले करायला हवेत. हद्दीच्या कडेने झाडांचा पट्टा हवा. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतली धूळ दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. खाण सरळ भिंतीसारखी न खोदता पायऱ्या पाडत खोदायची आणि कठीण दगडात एक पायरी ६ मीटरपेक्षा उंच नको. कामगाराला हेल्मेट, बूट, मास्क द्यायचे, मालकाच्या खर्चाने ठरावीक काळाने त्याची वैद्यकीय तपासणी करायची. आणि खाण सोडून जाताना तिला कुंपण घालायचं.

आता डोळे मिटून आठवा, यातलं काय काय तुम्ही तुमच्या गावाच्या खाणीवर बघितलंय? मी काही ठिकाणी फवारणी बघितलीय. साहेबांची गाडी येणार असते त्या दिवशी.

कुंपणाची अट पाळली असती तर मी ती बातमी लिहिली नसती. काही हजारांची तार आणि दगडी खांब. खाणीवर दगडाला काय तोटा होता हो?

आता कामगारांचं. खाणीवर राबणारा माणूस बहुधा आपल्या गावाचा नसतो. पिढीजात दगड फोडणारा वडार समाज आहे, मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत, आता मध्य प्रदेश, झारखंड, छत्तीसगडची पोरं आहेत. मुकादमाने उचल देऊन आणलेली. खाणीच्या कडेलाच पत्र्याची खोली, तिथेच चूल, तिथेच पोरं खेळतात. रेशनकार्ड तिकडचं, मतदान तिकडचं. म्हणून इकडे कुणालाच ती दिसत नाहीत. वाघोलीच्या दगडखाणींत बस्तू रेगे यांच्या "संतुलन" संस्थेने या पोरांसाठी पाषाण शाळा काढल्या. दगडखाणीवर शाळा भरू शकते हे पुणे जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे. पण ते एका संस्थेने करायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, असं किती वर्षं?

धुळीबद्दल एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगतो, कारण मालक लोक तोच पुढे करतात. ते म्हणतात, आपला दगड बेसाल्ट आहे, त्यात मोकळा सिलिका फार कमी, राजस्थानच्या वालुकाश्मासारखा सिलिकोसिस इथे होत नाही. पहिला भाग खरा आहे. बेसाल्टमध्ये तो सिलिका कमीच असतो. पण कमी म्हणजे ती धूळ अष्टगंध नव्हे. वर्षानुवर्षं बारीक भुकटी छातीत गेल्यावर फुप्फुसाचं काय होतं हे कळायला एक्स-रे काढावा लागतो, फुंकून बघावं लागतं. मी भेटलेल्या खाणकामगारांपैकी एकाही माणसाला अशी तपासणी मालकाने केल्याचं आठवत नाही. खोकला लागला की मेडिकलमधून बाटली. जास्त झाला की टीबी असेल म्हणून गावी रवाना. गावी तो मेला तर आपल्या तालुक्याच्या कुठल्याच नोंदीत तो नाही. आजार नाही असं म्हणायचं असेल तर आधी तपासा आणि कागद दाखवा. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण केलं. आजाराचं प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. पैसे देऊन फुप्फुस परत येत नाही, पण निदान त्या सरकारने मान्य केलं की हा माणूस खाणीमुळे आजारी पडला. आपल्याकडे अजून मान्य करण्याच्या आधीच गाडी अडलीय.

आणि शेजारी राहणारे? सुरुंगाने तडे गेलेली भिंत दाखवायला गेलं की उत्तर मिळतं, तुमचं बांधकामच कच्चं. कांद्याच्या पातीवर, कडवळावर पांढरा थर बसतो, जनावरं चारा हुंगून सोडतात. रस्त्याला पाच-सहा महिन्यांत डंपरने चाळण केलेली असते आणि तो रस्ता दुरुस्त होतो तुमच्या-आमच्या करातून.

आता पैशाचा हिशोब. दगडाच्या एका ब्राससाठी, म्हणजे १०० घनफुटांसाठी, राज्य सरकारने २०२१ मध्ये स्वामित्वधन ४०० वरून ६०० रुपये केलं. त्यावर १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. चार ब्रासचा डंपर धरा. २४०० रुपये सरकारला, २४० रुपये प्रतिष्ठानला. हे २४० रुपये कशासाठी, माहितीये? खाणीमुळे ज्यांचं नुकसान होतं त्या गावांसाठी. केंद्राने २०१५ मध्ये कायदा बदलून ही सोय केली. पिण्याचं पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण, शिक्षण, महिला-बालकल्याण, स्वच्छता अशा कामांवर आधी किमान ६० टक्के आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के खर्च करायचा आहे. तुमच्या घरासमोरून जाणाऱ्या प्रत्येक पावतीच्या डंपरमध्ये तुमच्या गावाच्या दवाखान्याचे पैसे असतात. आणि विनापावतीचा डंपर जातो तेव्हा तो सरकारच्या आधी तुमच्या पोराच्या खिशातून चोरी करत असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. रात्री अकरानंतर ताडपत्री टाकून कोण जातं हे तलाठ्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

गोव्याचं बघा. तिथे खाणी कुणा साध्यासुध्याच्या नव्हत्या, बड्या घराण्यांच्या आणि बड्या कंपन्यांच्या होत्या. तरी गोवा फाउंडेशनची माणसं कोर्टात टिकून राहिली. २१ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले, पुढच्या पिढ्यांसाठी. म्हणजे खाणीतून निघणारा माल हा बापजाद्यांचा ठेवा आहे, तो विकला तर नातवाचा वाटा बाजूला काढा. आपल्याकडे वाटणीत बहिणीची सही घेताना जेवढी काळजी घेतो तेवढी तरी या ठेव्याची घ्यायला नको का? जानेवारी २०२० मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवून द्या, जनावरांना चारा मिळाला पाहिजे, आणि ही अट खाणपट्ट्यातच घाला. आपल्या खाणींवर गवत सोडा, कडेला एक बोर्डपण नाही, "पाणी खोल आहे" म्हणून.

मला माहितीये, आता काय कमेंट येणार. "घर बांधलंय ना स्वतःचं? खडी कुठून आणली?" याच पट्ट्यातून आणली. माझ्या घराच्या पायात तोच दगड आहे. म्हणूनच बोलतोय. खाणी बंद करा असं मी म्हणतच नाही. दगड लागणार, रस्ते लागणार, गावातल्या पोरांचे डंपर बँकेच्या हप्त्यावर आहेत हेही मला माहीत आहे. अटी पाळून खडी ब्रासमागे शे-दोनशेने महाग झाली तर होऊ द्या. आज ती स्वस्त मिळते, कारण उरलेली किंमत कुणीतरी दुसरा भरतोय. कामगार छातीने भरतोय, शेजारी भिंतीने भरतोय, आणि एका घराने पोराने भरली.

दुसरी कमेंट येणार, "परप्रांतीय कंपन्यांबद्दल लिहायला दम नाही, आपल्या मराठी उद्योजकाच्या मागे लागले." कंपन्यांबद्दल लिहिलंय, लिहीत राहीन. पण खाणवाला मराठी आहे म्हणून त्याची धूळ मराठी फुप्फुसाला ओळख दाखवून बाहेरून जात नाही.

तिसरा आरोप मीच माझ्यावर करतो. पर्यावरण मंजुरी मिळाली की मालकाला पेपरात जाहिरात द्यावी लागते, त्यातल्या एका तरी पेपरात स्थानिक भाषेत. "मंजुरी मिळाली आहे, प्रत अमुक ठिकाणी पाहता येईल." अशा जाहिराती मी स्वतः आणल्या आहेत, कमिशन घेतलंय, सेंटीमीटर मोजलेत, स्पेलिंग तपासलंय. ती प्रत मात्र एकदाही जाऊन वाचली नाही. दिवाळी अंकाला क्रशरवाल्याचं पान घेतलंय. यात्रेच्या पुरवणीला घेतलंय. पत्रकारितेच्या डिप्लोमाला शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का, कसं ही सहा उत्तरं पाहिजेत. खाणीच्या बातमीतला "कोण" मी वर्षानुवर्षं जाहिरातीच्या पानावर ठेवला, बातमीच्या पानावर आणला नाही. "आपलाच माणूस" म्हणणाऱ्या टपरीवरच्या काकांपेक्षा माझा दोष मोठा आहे.

आता करायचं काय? मोर्चाच काढायला पाहिजे असं नाही. चार गोष्टी आहेत, ज्याला त्याला जमतील.

एक. तुमच्या गावातल्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीकडे मागा. ती पंचायतीकडे दिलेली असायला हवी. नसेल तर माहिती अधिकारात जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, भीती लागत नाही.

दोन. २००६ च्या अधिसूचनेनुसार मालकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. तो मागा. झाडांचा पट्टा लावला म्हणून लिहिलं असेल तर जाऊन झाडं मोजा.

तीन. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. गावातल्या बंद खाणींची गट नंबरसह यादी आणि प्रत्येकीला कुंपण, पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून खाणकामगारांसह सगळ्या गावाची छातीची तपासणी.

चार. सरपंचाला विचारा, प्रतिष्ठानचे पैसे आपल्या गावाला आजवर किती आले आणि कशावर गेले. सरपंच स्वतःच क्रशरवाला असेल तर दोनदा विचारा.

खाणमालक मित्रांनाही सांगतो, तुमच्यातले काही ही पोस्ट वाचताय. पंगत घाला, कुस्त्या लावा, पोटभर कौतुक करू. पण आधी तार लावा. सप्ताहाला दिलेला लाख रुपया आणि कुंपणाचे वाचवलेले तीस हजार यांची बेरीज देवाच्या दारी वेगळी लागते, आणि भामचंद्राच्या सावलीत राहणाऱ्याला हे मी सांगायची गरज नसावी.

माझं माझ्यापुरतं ठरलंय. यापुढे खाणीच्या पाण्यात कुणी बुडालं तर माझ्या बातमीत पोहण्याचा मोह हा शब्द येणार नाही. खाणीचा गट नंबर येईल, खाणपट्टा कुणाच्या नावावर ते येईल, मुदत कधी संपली ते येईल, कुंपण होतं की नव्हतं ते येईल. पेपरने छापलं नाही तर इथे येईल. जाहिरात गेली तर जाईल.

आणि त्या पोराच्या वडिलांकडे मी परवा गेलो होतो. त्यांनी चहा दिला. खाणवाल्याबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "शेट आले होते मातीला. दहाव्यालापण आले. आपलेच आहेत."

खाणीला अजून तार नाही. परत येताना बघून आलोय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. फक्त फोन करून "जरा मिटवून घ्या" म्हणू नका.